नऊ साखळ्या, छप्पन्न कड्या

ती पडली. रीतसर, सपशेल, कॉलेजच्या फाटकातच. पहिल्या भेटीची स्वप्नं कुणी रंगवत असेल तर त्यात असलं काही नसतं – एक बूट फाटकाच्या आत, दुसरा बाहेर, खांद्यावरची यंत्राची तिपाई चार हात पुढे आणि नाक थेट गवतात.

"लागलं का हो?"

गवताच्या उंचीवरून तिला आधी सायकलचं पुढचं चाक दिसलं, मग नाडी सुटलेला एक बूट, आणि मग बऱ्याच वर, उन्हात चमकणारा चष्मा.

"छे. जमीन जवळून बघत होते," ती म्हणाली. "कामच आहे माझं ते."

चष्मेवाल्याला हसू आलं, पण पडलेल्या माणसासमोर हसावं की नाही हे त्याला ठरवता येईना... त्याने मनगटाने चष्मा वर ढकलला आणि हसू त्याच मनगटाआड लपवलं. (ही लकब लक्षात ठेवा. तिने ठेवली.)

"ही साखळी रोज कुणाला तरी पाडते," तो म्हणाला. "गाड्या आत शिरू नयेत म्हणून बांधलीय. गाड्या मागच्या फाटकाने बरोबर शिरतात. पडतात ती माणसं."

तिने कपडे झटकले, साखळीला लाथ घालायला पाय उचलला – आणि पाय हवेतच राहिला.

"अहो... ही तर मोजणीची साखळी आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे जमीन मोजायची! आमची यंत्रं नव्हती तेव्हाची. बघा ना, नेहमीसारख्या गोल कड्या नाहीत, वीतभर लांब सळ्या आहेत. आणि हे पितळी बिल्ले, दर दहा कड्यांवर एक... देवा! मी हिला आजवर फक्त परीक्षेत भेटलेय."

दोन खांबांना वेढे मारमारून बांधलेल्या त्या गंजक्या साखळीकडे ती अशी काही बघत होती, की विचारू नका. आणि तो तिच्याकडे तसाच बघत होता, एवढं सांगितलं की पुरे.

"तुम्ही मोजणी कार्यालयातून आलात?" त्याने तिपाई उचलून दिली.

"हो. मैदान मोजायला. माझं पहिलंच एकटीचं काम." हे शेवटचं तिने सांगायला नको होतं. साहेबांनी निघताना बजावलं होतं, पहिलंच आहे म्हणून कुणाला सांगू नकोस, लोक डोक्यावर बसतात.

पण त्याने ते ऐकलंच नव्हतं. त्याचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे पार्किंगसाठी."

"मी मोजणीसाठी आलेय. पार्किंग तुमचं कॉलेज करतंय."

"आमच्या कॉलेजचं डोकं फिरलंय."

"ते किती फिरलंय हे मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही."

आता मात्र मनगट वर जायच्या आत हसू निसटलं.

तो तिथे प्राचीन इतिहास शिकवायचा. शिवाय संध्याकाळी हौसेने ग्रीक भाषेचा वर्ग घ्यायचा. त्या वर्गाला चारच मुलं यायची आणि त्यातली दोन त्या खोलीतल्या चांगल्या पंख्यासाठी. सगळं कॉलेज त्याला ग्रीक-सर म्हणायचं. आणि तिचं नाव दुपारपर्यंत कॅंटीनमध्ये पडलंसुद्धा होतं – मोजणीवाली.

मैदानाच्या कडेने, झाडांच्या रांगेखालून, एक सरळ धावपट्टी गेली होती. दोन्ही टोकांना दोन दगड, कमरेइतके जमिनीत पुरलेले. पार्किंग व्हायचं होतं ते नेमकं या पट्टीवर.

"कॉलेजच्या पहिल्या प्राचार्यांनी ही आखली," तो तिच्या मागोमाग चालत सांगत होता. ती खुंट्या ठोकत होती, त्याच्याकडे बघतही नव्हती. म्हणजे तसं दाखवत होती. "तेही ग्रीक शिकवायचे. माझी खात्री आहे की ही पट्टी म्हणजे एक स्टेडियन आहे. प्राचीन ग्रीकांची शर्यत तेवढ्या अंतराची असायची. सहाशे ग्रीक फूट. आपला स्टेडियम हा शब्द तिथूनच आलाय."

"मग सिद्ध करा की."

"तेच तर! शनिवारी प्राचार्यबाईंपुढे पुरावा ठेवायचाय. नाही ठेवला तर सोमवारपासून डांबर. आणि माझा हिशेब काही केल्या जुळत नाही."

"दाखवा हिशेब."

"तुम्ही? तुम्ही तर पार्किंगवाल्यांच्या बाजूच्या..."

"आकड्यांना बाजू नसते, सर. दाखवा."

ग्रंथालयाच्या बोळात, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो, तिथे काचेमागे मैदानाचा मूळ नकाशा टांगलेला होता. पट्टीच्या शेजारी बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलेलं – धावपट्टी, ९ साखळी ५६ कडी.

"एका साखळीत शंभर कड्या," तो म्हणाला. "साखळी शंभर फुटांची. म्हणजे नऊशे छप्पन्न फूट, दोनशे एक्क्याण्णव मीटर. ग्रीकांच्या कुठल्याही गावात एवढा लांब स्टेडियन नव्हता."

ती खिडकीपाशी गेली. वाकून, मान लांब करून बाहेर बघू लागली.

"काय झालं?"

"तुमची शर्यत कुठे संपते ते बघतेय. मैदान संपलं... रस्ता ओलांडला... समोरचा दवाखाना. तुमचे खेळाडू बाळंतिणींच्या वॉर्डात पोहोचतात, सर."

"मला वाटलं, पूर्वी मैदान मोठं असेल."

"मैदान होतं तेवढंच आहे. साखळी तुम्ही चुकीची धरलीत. शंभर फुटी साखळी रस्ते बांधणाऱ्यांची. जमीन मोजणारे सहासष्ट फुटी वापरायचे. कड्या दोन्हींत शंभरच, म्हणून घोळ होतो. फाटकात मला पाडलं ना, ती सहासष्ट फुटी."

त्याने खिशातून पेन काढलं, कागद सापडेना, तर डाव्या तळहातावरच गुणाकार मांडला. आकडे तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून बाहीच्या काठापर्यंत गेले. ती शेजारी उभी राहून तोंडी हिशेब करत होती.

"एकशे ब्याण्णव..." तो पुटपुटला.

"पॉइंट बत्तीस," ती म्हणाली.

"ऑलिंपियाचा स्टेडियन किती असतो माहितीय?" त्याने तळहात तिच्यापुढे धरला. "एकशे ब्याण्णव पॉइंट सत्तावीस मीटर."

"पाच सेंटिमीटरचा फरक."

"फार आहे का?"

"अहो, एक कडीच वीस सेंटिमीटरची. पाव कडीचा हिशेब कोण ठेवतंय? जुळलं, सर!"

आणि त्या बोळात, ‘शांतता राखा’ या पाटीखाली, ग्रीक-सरांनी तिचे दोन्ही हात धरले आणि गदागदा हलवले. मग आपण काय करतोय हे लक्षात आल्यावर इतक्या झटकन सोडले की त्याचं कोपर कपाटावर आपटलं.

संध्याकाळी घरी हात धुताना तिच्या लक्षात आलं. तिच्या तळहातावर शाईचा छाप उठला होता – एकशे ब्याण्णव, आरशात दिसावा तसा उलटा. तिने साबण खाली ठेवला आणि दुसराच हात धुतला.

कागदावर जुळलं, आता जमिनीवर मोजायचं. ते दुसऱ्या दिवशी ठरलं. पण त्याआधी कॅंटीनमध्ये चहा झाला, कारण यंत्राची बॅटरी चार्ज व्हायची होती. (बॅटरी भरलेली होती. तिने ते सांगितलं नाही एवढंच.)

"ग्रीकांची मापं आपल्यासारखीच," तो सांगत होता. "बोट, वीत, हात, पाऊल, सगळं अंगावरच. चोवीस बोटांचा एक हात. आणि दोन्ही हात असे पसरले..." त्याने हात पसरले, शेजारच्या टेबलावरची बाटली थोडक्यात वाचली, "की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक ऑर्ग्विया. आपण त्याला वाव म्हणतो. विहिरीचा दोर वावेत मोजायचे ना, तसं. अशा शंभर वावांचा एक स्टेडियन."

"थोडक्यात, शंभर मिठ्या," ती म्हणाली.

म्हणजे तिच्या तोंडून गेलं! हात पसरलेला माणूस समोर असल्यावर दुसरं काय सुचणार? त्याचं बिस्किट मात्र चहात पडलं ते पडलंच.

"असंही... म्हणता येईल," तो बिस्किट शोधत म्हणाला.

तिने घाईघाईने टेप काढली. घाबरल्यावर काहीतरी मोजायला घ्यायचं, ही तिची जुनी सवय. "धरा हात सरळ. बघू तुमची वाव." टेपेचं एक टोक त्याच्या मधल्या बोटाला, मग मागून खांदे, मग दुसरं बोट. त्याच्या शर्टाला खडूचा वास येत होता. "एकशे ऐंशी सेंटिमीटर. ऑलिंपियाची किती हवी?"

"एकशे ब्याण्णव."

"बारा कमी. तुम्ही कमी पडता, सर."

"बघू हं... एखाद्याला पुरेनही," तो म्हणाला, आणि दोघंही एकदम बॅटरीची चौकशी करायला उठले.

मोजणी त्या दिवशी राहिलीच. पुढच्या सकाळी बारीक पाऊस होता. मोजणीवाल्यांकडे एक मोठी छत्री असते, पण ती यंत्रासाठी. माणूस भिजला तर वाळतो, यंत्र भिजलं तर साहेब ओरडतात. ती एका टोकाच्या दगडावर यंत्र लावून छत्रीखाली, आणि तो दुसऱ्या टोकाच्या दगडावर हातात काठी आणि काठीवर काचेचा प्रिझम घेऊन पावसात.

यंत्राला दुर्बीण असते, आणि तिच्यातून माणूस अगदी जवळ येतो. त्याला हे माहीत नव्हतं. त्याला वाटत होतं की आपण लांब आहोत. तो स्वतःशी काहीतरी बोलत होता, बहुधा ग्रीकमध्ये. मग चष्मा काढून ओल्याच शर्टाला पुसला, तो आणखी खराब झाला, मग पुन्हा पुसला. मग बुटाची सुटलेली नाडी बघितली आणि हातात काठी आहे म्हणून तिला तसंच सोडून दिलं. काठी मात्र जराही हलली नाही. ती प्रिझम बघत होती की आणखी काही, ते यंत्रालाच ठाऊक.

मग तिने बटण दाबलं आणि आकडा आला.

तिने परत दाबलं. तोच आकडा. तिने यंत्राची तिपाई तपासली, पातळी दाखवणारा बुडबुडा मध्यावर होता. त्याला खुणेने काठी सरळ करायला सांगितली. तोच आकडा.

इकडे त्याला वाटलं, झालं! आणि तो धावत सुटला. काठी खांद्यावर, नाडी फटफटतेय, सबंध पट्टी तो खेळाडूसारखा पळत आला आणि शेवटच्या दगडापाशी येताना त्याने दोन्ही हात वर केले... आणि तिला त्या हातांकडे बघवेना.

"किती?" धाप लागून त्याने विचारलं.

"एकशे नव्वद पॉइंट एक्कावन्न."

त्याचे हात खाली आले. छत्रीवर पाऊस वाजत होता. तिने छत्री थोडी त्याच्या बाजूला कलती केली, यंत्राची पाठ ओली झाली तरी.

"जवळजवळ दोन मीटर कमी," तो म्हणाला.

"तीनदा मोजलं."

"दगड हलले असतील?"

"एवढे पुरलेले दगड हलत नाहीत."

तिने बाहीने यंत्राची पाठ पुसली. मग ती म्हणाली, "तुम्हीच काल सांगितलंत ना, प्रत्येक गावाचा स्टेडियन वेगळा. डेल्फीचा लहान, अथेन्सचा मधला... एखादा बसेल यात. तुमच्याकडे इतके स्टेडियन आहेत की शोधला तर आमच्या गच्चीचाही निघेल."

"म्हणूनच नको. आधी लांबी बघायची आणि मग तिला बसेल ते गाव शोधायचं, हा इतिहास नाही. मी ऑलिंपिया म्हटलं होतं. ऑलिंपिया बसत नाही."

"आणि..." हे ती का विचारत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. "मी तुम्हाला काठी दोन मीटर मागे धरायला सांगितली असती, तर? गवतच तर आहे. कुणाला कळलं असतं?"

त्याने चष्मा काढला. पहिल्यांदाच काचेशिवाय बघितलं तिच्याकडे.

"मला कळलं असतं. मग पुढे कधीही तुम्हाला ‘किती?’ म्हणून विचारताना मला मजा आली नसती." तो थांबला. "तसंच लिहा. आहे तेवढं."

आणि तो गेला. सायकलवर बसला नाही, हाताने ढकलत नेली. चाकाची टिकटिक बराच वेळ ऐकू येत होती.

प्रेमात नेमकं कुठे पडलो, हे लोकांना सांगता येत नाही म्हणे. तिला येतं. दक्षिणेकडच्या दगडापासून दीड मीटर, छत्रीच्या काठाखाली. दिशेसकट.

"एवढं तोंड का पाडलंयस?" शुक्रवारी संध्याकाळी आत्याने विचारलं. आत्या शिलाईचं काम करायची आणि दोन टाचण्या ओठांत धरूनही स्पष्ट बोलायची. "साहेब ओरडले, की कुणी आवडलं?"

"आत्या!"

"म्हणजे साहेब ओरडले नाहीत. बरं, ते कापड मोज. कसल्यातरी सभागृहाचे पडदे आहेत. पाच टेप हवंय."

ती मोजू लागली. डोक्यात मात्र दुसरंच. उद्या शनिवार. उद्या ती स्वतःच्या सहीने आकडा देणार आणि त्या आकड्याने त्याची पट्टी डांबराखाली जाणार. आकडा खरा होता, त्यात तिची काही चूक नव्हती. तरीपण त्याने वर केलेले ते दोन हात डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"मोजलंस? आता पाच इंच वर धर आणि मग काप," आत्या म्हणाली.

"का? शिवणीसाठी?"

"शिवणीचं वेगळं. माझ्या टेपेचा पहिला इंच झिजून तुटलाय. एकदा टाकली की एक इंच खाते, पाचदा टाकली की पाच. मागे विसरले होते तर एका बाईंचे पडदे खिडकीच्या गुडघ्यापर्यंत आले."

"नवीन घे ना!"

"का घेऊ? तिची खोड मला ठाऊक आहे."

कात्री हातातच राहिली. जितक्यांदा टाकू, तितके...

"आत्या, पट्टी किती कमी भरली? एकशे एक्क्याऐंशी सेंटिमीटर. भागिले वीस आणि थोडं..." ती मोठ्याने बोलत होती. "नऊ! नऊ कड्या कमी! आणि साखळ्या किती टाकल्या? नऊ!"

"अगं काय बोलतेयस?"

"दर साखळीला एक कडी! आत्या, त्यांच्या साखळीला एक कडी कमी होती!"

"त्यांच्या म्हणजे कुणाच्या?" आत्याने टाचण्या काढल्या. "त्या आवडलेल्याच्या?"

पण ती फोनपाशी पोहोचली होती. "सर? उद्या सकाळी सातला फाटकात या. पाना घेऊन."

"पाना?" पलीकडून गोंधळलेला आवाज आला. "अहो, मी ग्रीक शिकवतो, पाना कुठून आणू?"

"सायकल आहे ना तुमच्याकडे!"

"...हो की."

"आणि नाडी बांधून या. काल पळताना पडला असतात."

पलीकडून हळूच, "तुम्हाला एवढ्या लांबून नाडी दिसली?"

तिने फोन ठेवला. गाल गरम झाले होते. आत्या कापडाकडे बघत म्हणाली, "काप आता. पाच इंच धरून. आणि त्याला एकदा घरी आण, मी त्याचं माप घेते."

सकाळी गवत ओलं होतं, आकाश मात्र स्वच्छ. फाटकाच्या खांबांवरून पान्याने साखळी सोडवायला वेळ लागला. गंजाने दोघांचे हात तांबूस झाले. मग त्यांनी ती धावपट्टीवर सरळ अंथरली. एका टोकाची पितळी मूठ तिच्याकडे, दुसऱ्या टोकाची त्याच्याकडे.

"मधला बिल्ला गोल आहे," तिने ओरडून सांगितलं. "तुमच्या टोकाकडून तिथपर्यंत कड्या मोजत या. मी माझ्याकडून येते. दोघांच्या पन्नास भरायला हव्यात."

दोघं वाकून मोजत निघाले. समोरासमोर, मोठमोठ्याने, शाळेतल्या मुलांनी पाढे म्हणावेत तसे. सळीमागून सळी, बिल्ल्यामागून बिल्ला. त्याचा आवाज जवळ येत होता. तिचे आकडे किंचित भरभर निघत होते, का ते तुम्हीच ओळखा.

"पन्नास!" गोल बिल्ल्यावर बोट ठेवून ती म्हणाली.

त्याचं बोट त्याच बिल्ल्यावर आलं. "एकोणपन्नास."

"परत मोज!" ती किंचाळली आणि मग भानावर आली. "म्हणजे... मोजा."

"मोज चालेल," तो म्हणाला. अगदी हळू.

त्याने परत मोजलं. एकोणपन्नासच. मग दोघांनी गुडघे टेकून बिल्ल्या-बिल्ल्यांमधल्या कड्या तपासल्या आणि सापडलं. त्याच्या बाजूच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बिल्ल्यामध्ये दहाच्या जागी नऊ कड्या. एका ठिकाणी जाड तारेची गाठ होती, गंजून सांध्यासारखीच दिसणारी. कधीतरी एक कडी तुटली असणार, कुणीतरी ती काढून टाकली आणि दोन शेजारणी एकमेकींना जोडून दिल्या.

"म्हणजे त्यांनी याच साखळीने मोजलं," तो म्हणाला. "नऊ साखळ्या छप्पन्न कड्या. त्यांच्या मते अगदी बरोबर ऑलिंपिया."

"बिल्ले बघून मोजलं. प्रत्येक कडी कोण मोजतं?"

"आपण," तो म्हणाला, आणि दोघंही ओल्या गवतात बसून हसत सुटली.

"काय चाललंय हे?"

प्राचार्यबाई. फाटकात साखळी नव्हती, म्हणून त्यांची गाडी आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या दाराने आत आली होती. त्याने घाईघाईने उठून सगळं सांगितलं – साखळी, कडी, ऑलिंपिया, तारेची गाठ. बाईंनी मुद्दाम वाकून ती गाठ बघितली.

"म्हणजे ही पट्टी स्टेडियन नाहीच," त्या म्हणाल्या.

ती त्याच्याकडे बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "स्टेडियनला नऊ कड्या कमी आहेत. पण करणाऱ्याला स्टेडियनच करायचा होता. हे आता मी खात्रीने सांगू शकतो. त्यापलीकडे काही नाही."

बाईंनी पट्टीच्या टोकाकडे बघितलं. "दोन मीटर आखूड, म्हणालात?"

"जवळजवळ. एक पॉइंट एक्क्याऐंशी," ती म्हणाली.

"मी इथेच शिकले," बाई म्हणाल्या. "या पट्टीवर धावायचे. नेहमी दुसरी, एकच मुलगी कायम माझ्यापुढे. माझा वेग शेवटी वाढायचा आणि नेमकी तेव्हाच पट्टी संपायची. मी म्हणायचे, अजून दोन पावलं मिळाली असती तर तिला गाठलंच असतं... तर मैत्रिणी म्हणायच्या, हरल्यावर सगळे असंच म्हणतात." त्यांनी पर्स या हातातून त्या हातात घेतली. "ती हल्ली आमच्याच सोसायटीत राहते. आज संध्याकाळी जाऊन सांगते तिला."

"मग पार्किंग...?"

"कॅंटीनमागे होईल. तिथे नुसतं भंगार पडलंय. समितीशी मी बोलते. पण इथे पाटी लावायची आणि तिच्यावर खरं तेच लिहायचं. नऊ कड्यांसकट." जाता जाता त्या वळल्या. "आणि ती साखळी फाटकाला परत बांधू नका. मी स्वतः दोनदा पडलेय."

गाडी गेली. पट्टीवर ती दोघं आणि साखळी.

"गुंडाळूया," ती म्हणाली, आणि सवयीने आपल्या टोकाकडे गेली. तोही आपल्या टोकाकडे गेला. दोघांनी मुठी उचलल्या. मध्ये ओलं गवत आणि ताणलेल्या कड्या.

"एक विचारू?" तो तिकडून ओरडला.

"एवढ्या लांबून?"

"लांबूनच बरंय. जवळून जमणार नाही मला."

"विचार!"

"आत्ता आपल्यात किती अंतर आहे?"

"एक साखळी!"

"चूक! एक कडी कमी!"

ती हसली, आणि हसता हसता लक्षात आलं की तो हसत नाहीये. मनगटही वर गेलेलं नाहीये.

"मला ते..." तो थांबला, मग एका दमात म्हणाला, "मला ते अजून कमी करायचंय. तुला चालणार असेल तर."

झाडावरून दोन-चार थेंब पडले. तिने मूठ खाली ठेवली.

"साखळी टोकाकडून गुंडाळत नाहीत," ती म्हणाली. आवाज जेमतेम पोहोचला असेल. "मधून धरायची असते. गोल बिल्ल्याशी ये."

तो आला. तीही आली. दोघांनी मधला बिल्ला उचलला आणि ती दाखवत गेली – दोन कड्या जोडीने, मग पुढच्या दोन, एकीवर एक. दोन्ही टोकं गवतातून सरसरत जवळ येऊ लागली.

"म्हणजे चालणार आहे?" त्याने विचारलं.

"सर, मी परवा दुर्बिणीतून प्रिझम सोडून सगळं बघितलं. आणि बॅटरी भरलेलीच होती. आता याहून स्पष्ट कसं सांगू?"

"आवडतोस, असं सांगता येतं."

"आवडतोस. जोडी चुकवू नकोस, ती सळी सुटली बघ."

"मलाही. म्हणजे तू मला. खूप."

"कळलं. धर नीट."

शेवटी दोन्ही मुठी येऊन एकमेकींना टेकल्या. पितळेवर पितळ – टिंग. तिच्या हातांत गंजक्या सळ्यांची जड जुडी होती, आणि ती घ्यायला त्याने दोन्ही हात पुढे केले.

"तुझी वाव बारा सेंटिमीटर कमी आहे, माहितीय ना?" ती म्हणाली.

"माहितीय. पुरेल का?"

तिने साखळी हळूच गवतात ठेवली आणि स्वतःच मोजून बघितलं.

पुरली.